पोर्टेजचे डिफॉल्ट यूज फ्लॅग: काय ठेवायचं आणि कशाला हात लावायचा

जेंटू, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम सोर्सवरून आपल्याच मशीनवर बांधायचं लिनक्स डिस्ट्रो, पहिल्यांदा टाकताना माणूस सगळ्यात जास्त कुठं अडकतो विचाराल तर कंपाइलला लागणाऱ्या वेळात नाही आणि कर्नलमध्येही नाही, तो अडकतो मेक डॉट कॉन्फ नावाच्या सेटिंगच्या छोट्याशा फाइलमधल्या यूज ह्या एका ओळीत. ती ओळ रिकामी असते, समोर शेकडो फ्लॅगची यादी असते, आणि वाटतं की आता इथं सगळं आपणच ठरवायचंय. मलाही तसंच वाटलं होतं. आता बरीच वर्षं रोजच्या कामाच्या मशीनवर हेच वापरतेय, म्हणून हा रिव्ह्यू पूर्ण जेंटूचा नाही, फक्त त्याच्या पोर्टेज ह्या पॅकेज मॅनेजरचा, आणि त्यातही फक्त एका गोष्टीचा: तो आपल्याला जे डिफॉल्ट देतो ते कितपत चांगले आहेत आणि त्यातलं आपण काय बदलावं.

आधी थोडक्यात, नवीन लोकांसाठी. पोर्टेज पायथनमध्ये लिहिलेला आहे, कल्पना मुळात फ्रीबीएसडी ह्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमच्या पोर्ट्सवरून घेतलेली, डॅनियल रॉबिन्स यांनी सुरू केलेल्या ह्या डिस्ट्रोची १.० आवृत्ती २००२ च्या मार्चमध्ये आली. प्रत्येक पॅकेजसाठी एक ईबिल्ड असतो, त्यात सोर्स कुठून आणायचा, कसा बांधायचा आणि कुठले पर्याय चालू-बंद करता येतात ते लिहिलेलं असतं. हे पर्याय म्हणजेच यूज फ्लॅग. एखाद्या प्रोग्रॅमला ब्लूटूथ हवं का, प्रिंटिंग हवं का, स्क्रीनवर खिडक्या दाखवायला एक्स हवं की वेलँड की दोन्ही, हे सगळं बांधतानाच ठरतं. बाकीच्या डिस्ट्रोमध्ये हा निर्णय पॅकेज बनवणाऱ्याने आधीच घेतलेला असतो आणि आपल्याला तयार माल मिळतो, इथं तो निर्णय आपल्या हातात आहे. पण "आपल्या हातात आहे" म्हणजे "कोणीच घेतलेला नाही" असं नाही, आणि मला वाटतं सगळा घोळ इथंच होतो.

कारण डिफॉल्ट आहेतच, आणि एक नाही, थरावर थर आहेत. सगळ्यात खाली ईबिल्डमधले डिफॉल्ट, म्हणजे मेंटेनरने (ते पॅकेज सांभाळणाऱ्याने) फ्लॅगच्या नावाआधी अधिकचं चिन्ह लावलं की तो फ्लॅग आपण काही न सांगता चालू. त्याच्या वर प्रोफाइल, म्हणजे जेंटूने तयार करून दिलेला डिफॉल्टचा संच. त्याच्या वर तुमची मेक डॉट कॉन्फ. त्याच्या वर पॅकेज डॉट यूज, जिथं एकेका पॅकेजसाठी वेगळं लिहिता येतं. आणि सगळ्यात वर इमर्ज ह्या पॅकेज बांधणाऱ्या कमांडच्या आधी तिथल्या तिथं टाइप केलेला यूज. वरचा थर खालच्याला हरवतो. हा क्रम एकदा डोक्यात बसला की पोर्टेजचं अर्धं वागणं कळतं, आणि तो बसत नाही तोवर माणूस चुकीच्या थरावर बदल करत राहतो. सगळ्यात वरच्या थराचं एक सांगते, कमांडच्या आधी टाइप केलेला फ्लॅग कुठंही लिहून ठेवला जात नाही, आज तुम्ही त्याने पॅकेज बांधलंत, पुढच्या अपडेटला पोर्टेज बघतो की फायलींमध्ये तर असं काही नाही आणि शांतपणे जुन्या पद्धतीने परत बांधतो. तात्पुरत्या कामासाठी ठीक आहे, कायमसाठी नाही.

प्रोफाइल हा ह्यातला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी कौतुक झालेला भाग आहे. ई-सिलेक्ट कमांडने यादी काढली की साधा, डेस्कटॉप, डेस्कटॉप नोम, डेस्कटॉप प्लाझ्मा, ह्यांचे सिस्टमडीवाले (सिस्टम सुरू करणारा वेगळा प्रोग्रॅम वापरणारे) भाऊ, जास्त सुरक्षेचा हार्डन्ड, मसल ह्या छोट्या सी लायब्ररीवाला असे बरेच दिसतात. २०२४ च्या मार्चपासून २३.० ही पिढी आली, त्याआधी १७ वाली होती. नुसत्या साध्या प्रोफाइलमध्येसुद्धा एसएसएल, पीएएम, एनकर्सेस, रीडलाइन, युनिकोड, आयपीव्ही६, झेडलिब, एनएलएस असे फ्लॅग चालू येतात, म्हणजे टर्मिनलवर बसून काम करायला जे लागतंच ते. डेस्कटॉप घेतला की त्यावर डीबस, आवाज, प्रिंटिंग, चित्रांचे फॉरमॅट, ओपनजीएल, व्हल्कन, वेलँड असं सगळं चढतं. योग्य प्रोफाइल निवडलात तर ऐंशी टक्के काम तिथंच होतं असं मी माझ्या अनुभवावरून म्हणेन. पुष्कळ लोक साधं प्रोफाइल घेतात, "हलकं राहील" म्हणून, आणि मग डेस्कटॉप प्रोफाइलमध्ये जे होतं तेच एकेक करून हाताने मेक डॉट कॉन्फमध्ये लिहीत बसतात, त्यात दोन-चार सुटतात, आणि मग फाइल मॅनेजरमधून पेन ड्राइव्ह का माउंट होत नाही म्हणून संध्याकाळ जाते. डेस्कटॉप वापरणार असाल तर डेस्कटॉप प्रोफाइल घ्या.

आता माझी गोष्ट. सुरुवातीला मी यूजच्या ओळीत मायनस स्टार टाकला. म्हणजे खालच्या थरांमधलं सगळं पुसून टाक, मी सांगते तेवढंच चालू ठेव. पुढं मी वीस-पंचवीस फ्लॅग लिहिले, मला हवे असलेले, नीट विचार करून. सिस्टम बांधून झाली, बूट झाली, छान हलकी वाटत होती. दुसऱ्या दिवशी कामाचा कोड आणायला गिट क्लोन केलं आणि एरर आली की एचटीटीपीएससाठी रिमोट हेल्पर सापडत नाही. मी नेटवर्क बघितलं, डीएनएस बघितलं, सर्टिफिकेट बघितली, प्रॉक्सी बघितली, गिटच्या सेटिंग बघितल्या. सगळं ठीक. दीड-दोन तासांनी लक्षात आलं की गिटच्या ईबिल्डमध्ये कर्ल हा फ्लॅग अधिकचं चिन्ह लावून डिफॉल्ट चालू ठेवलेला आहे, कारण गिट एचटीटीपीएस बोलतो तो कर्लच्या लायब्ररीतून, आणि माझ्या मायनस स्टारने तो पुसला होता. माझ्या यादीत कर्ल नव्हता कारण मला कर्ल नावाचा काही पर्याय गिटमध्ये असेल हेच माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात असं अजून चार ठिकाणी झालं. पायथनच्या शेलमध्ये वरचा बाण दाबला की आधीची ओळ येण्याऐवजी विचित्र अक्षरं उमटायची, टाइप केलेली ओळ सांभाळणारा रीडलाइन गेला होता. काही पॅकेज तर बांधायलाच तयार नाहीत, कारण त्यांची अट असते की अमुक तीन फ्लॅगमधला किमान एक तरी चालू हवा, आणि मी तिन्ही बंद करून बसलेले.

तेव्हा मला जे कळलं तेच ह्या रिव्ह्यूचं मुख्य म्हणणं आहे. ईबिल्डमधलं ते अधिकचं चिन्ह हा कुणीतरी विचार करून घेतलेला निर्णय आहे. त्या पॅकेजचा मेंटेनर ते पॅकेज रोज बघतो, त्याच्याकडे बग येतात, मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी कुठला पर्याय गृहीत धरलाय ते त्याला माहीत असतं. मायनस स्टार लिहिलं की शेकडो पॅकेजच्या शेकडो मेंटेनरचा तो विचार एका फटक्यात जातो आणि त्याच्या जागी आपली एक यादी येते, जी आपण एका दुपारी बनवलेली असते. जेंटूचं डॉक्युमेंटेशनही ह्याबद्दल स्पष्ट इशारा देतं, मी तो वाचला होता आणि तरी केलं, कारण मला वाटायचं की कमी फ्लॅग म्हणजे चांगली सिस्टम. तसं नसतं. बंद फ्लॅग फुकट नसतो, त्याचीही किंमत असते, ती फक्त नंतर कळते.

शिवाय एक साधं गणित बघा. एखाद्या पॅकेजला १० फ्लॅग असतील तर त्याच्या १,०२४ प्रकारच्या बांधण्या होतात, २० असतील तर दहा लाखांच्या वर. एवढ्या सगळ्या कोणी टेस्ट करू शकत नाही, कुठल्याच प्रोजेक्टमध्ये. पण डिफॉल्टवाली बांधणी सगळ्यात जास्त लोक वापरतात, त्यामुळे तिच्यातले बग सगळ्यात आधी सापडतात आणि सगळ्यात आधी सुटतात. डिफॉल्टपासून जितकं लांब जाल तितकं त्या रस्त्यावर आपल्या आधी कोणी गेलेलं नसण्याची शक्यता वाढते. मॅकवरच्या होमब्रू ह्या पॅकेज मॅनेजरने ह्याच विचाराने २०१९ च्या २.० आवृत्तीपर्यंत आपल्या मुख्य संग्रहातले बांधणीचे पर्याय काढूनच टाकले. मला तो मार्ग आवडत नाही, मला पर्याय हवेत, त्यासाठीच मी इथं आहे. पण त्यांची अडचण खरी होती हे मान्य करायला हवं. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये पर्याय आजही आहेत, मेक कॉन्फिग म्हटलं की चौकटींची एक स्क्रीन येते, त्यातल्या काही आधीच टिक केलेल्या असतात, आणि त्यांची तयार बायनरी पॅकेजंही त्याच टिकांनी बांधलेली असतात. मला ती स्क्रीन बघायला सोपी वाटते, पण ती एका पोर्टपुरती असते, "सगळ्या सिस्टममध्ये अमुक नको" हे सांगायला तिथंही मेक डॉट कॉन्फमध्ये ओळ लिहावी लागते, आणि पोर्टेजमध्ये तर हे एका शब्दात सांगायची मजाच आहे.

आणि ती मजा खरंच मोठी आहे, ते पण सांगायलाच हवं. माझ्या एका मशीनला प्रिंटर नाही आणि कधी लागणारही नाही, मी यूजमध्ये मायनस कप्स लिहिलं आणि संपलं, जिथं जिथं प्रिंटिंगचा फ्लॅग होता तिथून ते गेलं. दुसऱ्या एका हेडलेस, म्हणजे स्क्रीन नसलेल्या मशीनवर मायनस एक्स आणि मायनस वेलँड. ह्याला मी पाचपैकी पाच देते, दुसरीकडे असं करायला किती पॅच आणि किती ओव्हरराइड लागतात ते केलेल्यांना विचारा.

मग ग्लोबल यूजमध्ये काय लिहायचं आणि काय नाही? माझा नियम एवढाच आहे की जी गोष्ट "माझं हे मशीन कसं आहे" ह्याबद्दल आहे ती ग्लोबल, आणि जी "मला ह्या प्रोग्रॅमकडून काय हवंय" ह्याबद्दल आहे ती पॅकेज डॉट यूजमध्ये. ब्लूटूथ मशीनमध्ये नाहीच, मग ग्लोबल मायनस ब्लूटूथ. पण व्हिम ह्या एडिटरला क्लिपबोर्ड हवा म्हणून एक्स चालू करायचा असेल तर तो फक्त व्हिमच्या ओळीत. साध्या टर्मिनलमधल्या व्हिमला बाहेरच्या क्लिपबोर्डशी बोलायला हा फ्लॅग लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग ते व्हिमच्या सेटिंगमध्ये तास घालवतात, मूळ कारण बांधणीत असतं. आज माझ्या मेक डॉट कॉन्फच्या यूजमध्ये फक्त सात शब्द आहेत, त्यातले पाच मायनसवाले. पॅकेज डॉट यूजच्या फोल्डरमध्ये मात्र बऱ्याच फायली आहेत, प्रत्येक कामासाठी एक, आणि प्रत्येक ओळीच्या वर हॅश लावून एक कमेंट की हे का लिहिलं. ही कमेंटची सवय कृपया लावा. दोन वर्षांनी एखादी ओळ बघून "हे मी का केलं असेल" असं होतं आणि काढायची भीती वाटते, मग ती ओळ कायमची राहते आणि तिच्यामुळे कुठलं तरी अपडेट अडतं.

काही फ्लॅग ग्लोबल कधीच टाकू नका, हे मी ठामपणे सांगेन. डॉक हा त्यातला पहिला. नाव बघून वाटतं की डॉक्युमेंटेशन असलेलं चांगलंच, पण त्याने डॉक्सिजेन, लाटेक अशी भली मोठी साधनं ओढली जातात आणि कधी कधी गोल गोल फिरणाऱ्या डिपेंडन्सी तयार होतात, मॅन पेज तर डॉक बंद असतानाही येतातच. डीबग आणि स्टॅटिक लिब्ज तसेच, ते त्या त्या पॅकेजवर काम करणाऱ्यांसाठी आहेत. टेस्टचंही तेच. मिनिमल तर सगळ्यात फसवा, कारण प्रत्येक पॅकेजमध्ये त्याचा अर्थ वेगळा आहे, कुठं तो दोन फायली कमी करतो आणि कुठं अर्धा प्रोग्रॅम काढून टाकतो. आणि ३२ बिटवाला एबीआय फ्लॅग, जो स्टीमच्या खेळांसाठी किंवा विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनसाठी लागतो, तो लोक वैतागून ग्लोबल टाकतात कारण पन्नास लायब्ररींच्या ओळी लिहायचा कंटाळा येतो, पण मग ज्या ज्या लायब्ररीला तो पर्याय आहे ती दोनदा कंपाइल होते, आज, उद्या, प्रत्येक अपडेटला. त्या पन्नास ओळी एकदा एका वेगळ्या फाइलमध्ये टाकून द्या, फाइलला स्टीम नाव द्या, विषय संपला.

पीजीओ बद्दल विचारतात बरेच जण. तो फ्लॅग लावला की प्रोग्रॅम एकदा बांधला जातो, चालवून मोजला जातो, आणि त्या मापावरून परत बांधला जातो, त्यामुळे वेळ खूप वाढतो. पायथनसारख्या रोज सतत चालणाऱ्या गोष्टीसाठी मी तो लावते, ब्राउझरसाठी एकदा लावला होता आणि प्रत्येक अपडेटला मशीन इतकं अडकून राहायचं की काढला.

आता पोर्टेजचं जे मला मनापासून आवडतं ते. इमर्जला पी आणि व्ही लावून चालवलं की तो काहीच बांधत नाही, फक्त काय बांधणार ते दाखवतो, आणि प्रत्येक पॅकेजपुढं त्याचे सगळे फ्लॅग रंगात येतात. लाल म्हणजे चालू, निळा आणि मायनस म्हणजे बंद. हिरवा आणि शेजारी स्टार दिसला तर मागच्या बांधणीपेक्षा ह्यावेळी ह्या फ्लॅगची स्थिती बदलतेय. पिवळा आणि टक्क्याचं चिन्ह म्हणजे हा फ्लॅगच नवीन आलाय, मागच्या वेळी नव्हता. कंसात असेल तर तो प्रोफाइलने जबरदस्तीने चालू किंवा बंद ठेवलेला आहे, तुम्ही काही लिहून फरक पडणार नाही. मी अपडेट करताना फक्त हिरवे आणि पिवळे बघते. पन्नास पॅकेजच्या यादीत ते चार-पाच असतात, आणि डिफॉल्टमध्ये काही बदललं असेल तर ते इथंच दिसतं. एकदा असंच एका मीडिया पॅकेजमध्ये पिवळ्यात नवा फ्लॅग बंद स्थितीत दिसला, थांबून वर्णन वाचलं, तो मला लागणाराच होता, तिथंच ओळ लिहिली आणि मग बांधलं. हे दोन सेकंदांचं बघणं सोडलं असतं तर अपडेटनंतर काय तुटलं ते शोधायला किती वेळ गेला असता देव जाणे.

वर्णन वाचायला इक्वेरी यूजेस आहे, जेन्टूलकिट टाकलं की मिळतं. त्याच्या पुढं पॅकेजचं नाव दिलं की प्रत्येक फ्लॅग, त्याचं एका ओळीचं वर्णन, आणि आत्ता चालू आहे की नाही ते येतं. इथं मात्र माझी तक्रार आहे. बऱ्याच फ्लॅगचं वर्णन "अमुक लायब्ररीचा सपोर्ट चालू करतो" एवढंच असतं. अहो ते तर नावावरूनच कळलं! तो बंद केला तर माझं काय जाईल हे सांगा ना. गिटच्या कर्लसारख्या फ्लॅगला "हे बंद केल्यास एचटीटीपीएसवरून क्लोन होणार नाही" अशी एक ओळ असणं किती सोपं आहे. ज्या पॅकेजच्या मेंटेनरने असं लिहिलंय तिथं निर्णय घ्यायला अर्धा मिनिट लागतो, बाकीच्या ठिकाणी मूळ प्रोग्रॅमची बिल्ड फाइल उघडून बघावी लागते.

नावांचा दुसरा गोंधळ पल्सऑडिओचा, आणि ह्यात इतके लोक फसलेले बघितलेत की थोडं सविस्तर सांगते. पल्सऑडिओ हा आवाज सांभाळणारा जुना सर्व्हर, पाइपवायर हा नवा; तुम्ही पाइपवायरवर गेलात, पल्सऑडिओचा सर्व्हर काढून टाकला, मग साहजिकच वाटतं की आता यूजमध्ये मायनस पल्सऑडिओ लिहावं. लिहिलं की आवाजच गायब, निदान बऱ्याच प्रोग्रॅममधून. कारण त्या फ्लॅगचा अर्थ "पल्सऑडिओ सर्व्हर टाका" असा नाही, "ह्या प्रोग्रॅमला पल्सऑडिओची भाषा बोलता येऊ द्या" असा आहे, आणि पाइपवायर ती भाषा समजतो, प्रोग्रॅम त्याच्याशी त्याच भाषेतून बोलतात. म्हणजे पल्सऑडिओ फ्लॅग चालूच ठेवायचा आणि पाइपवायरच्या पॅकेजला साउंड-सर्व्हर हा फ्लॅग लावायचा. फ्लॅगचं नाव लायब्ररीवरून ठेवायची जी पद्धत आहे तिचा हा तोटा, वापरणाऱ्याच्या मनात जे काम असतं ते आणि नावात जे असतं ते वेगवेगळं होतं.

एरर मेसेजबद्दलही बोलायला हवं. दोन पॅकेजच्या गरजा एकमेकांत अडकल्या की पोर्टेज जे पानभर छापतो ते नवीन माणसाला झेपत नाही. फ्रीटाइप आणि हार्फबझ ह्या फॉन्टच्या लायब्ररींची जोडी हे जुनं उदाहरण, फ्रीटाइपला हार्फबझ फ्लॅग लावला तर त्याला आधी हार्फबझ हवं, आणि हार्फबझला आधी फ्रीटाइप हवं. नव्या सिस्टमवर दोघंही नाहीत, मग सुरुवात कुठून करणार? उपाय साधा आहे, एकदाच मायनस हार्फबझ देऊन फ्रीटाइप वनशॉटने, म्हणजे कायमच्या यादीत न नोंदवता, बांधायचं, मग बाकीचं सगळं नेहमीसारखं चालवायचं, फ्रीटाइप आपोआप पूर्ण फ्लॅगांसकट परत बांधलं जातं. कमांडच्या आधी टाइप केलेला तात्पुरता यूज मी फक्त अशाच ठिकाणी वापरते. पोर्टेज हल्ली अशा वेळी कुठला फ्लॅग बदलून बघा ते सुचवतोही, पण ते सुचवणं लांबलचक मजकुराच्या शेवटी असतं, म्हणून घाबरून न जाता खालून वर वाचा.

तसंच ऑटोअनमास्क. पोर्टेज म्हणतो की हे बांधायला अमुक पॅकेजमध्ये अमुक फ्लॅग लागेल, लिहू का, आणि आपण हो म्हणतो, डिस्पॅच कॉन्फ ह्या कमांडने फाइलमधला बदल मान्य करतो. सोय छानच आहे, पण ह्या ओळी एकाच फाइलमध्ये साचत जातात, आणि ज्या पॅकेजसाठी त्या लागल्या ते काढून टाकलं तरी ओळी तशाच राहतात. एक चांगलं आहे की पोर्टेज प्रत्येक ओळीच्या वर कुणाला हवं म्हणून लिहिलं ते कमेंटमध्ये टाकतो. मी दोन-तीन महिन्यांनी ती फाइल उघडून साफ करते, कामाची ओळ नीट फाइलमध्ये हलवते, बाकी काढते.

डिफॉल्टला धरून राहायचं आणखी एक मोठं कारण आता आलंय. २०२३ च्या डिसेंबरअखेरीस जेंटूने एएमडी६४ आणि एआरएम६४ ह्या प्रोसेसर प्रकारांसाठी अधिकृत बायनरी पॅकेजांचा मोठा संग्रह खुला केला. म्हणजे सोर्सवालं डिस्ट्रो असूनही लिबरऑफिससारखं अवजड पॅकेज तयार बांधलेलं आणता येतं. पण तुमचे फ्लॅग आणि तिथल्या बांधणीचे फ्लॅग जुळत असतील तर, नाहीतर, निदान फ्लॅगचा मान राखायला सांगितलेलं असेल तर, पोर्टेज ते बाजूला ठेवतो आणि सोर्सवरून बांधायला घेतो. म्हणजे आधी डिफॉल्टपासून दूर जायची किंमत फक्त टेस्टिंगमध्ये होती, आता ती सरळ वेळेत मोजता येते. माझ्या लॅपटॉपवर मी ह्या हिशोबाने यूज परत एकदा तपासला, ज्या फ्लॅगसाठी मला ठोस कारण सांगता येईना ते काढले, आणि पूर्वी रात्रभर चालणारी अपडेट आता चहा होईपर्यंत उरकते. ज्या दहा-बारा पॅकेजमध्ये मला खरंच वेगळं हवंय तेवढीच सोर्सवरून बांधली जातात. मला हे जेंटूचं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं रूप वाटतं, पर्याय सगळे आहेत पण वापरायची सक्ती नाही.

यूज सोडून बाकीच्या सेटिंगचं पटकन. सीफ्लॅग्जमध्ये, म्हणजे कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत, मार्च नेटिव्ह, ओ२ आणि पाइप एवढंच ठेवा. ओ३ सगळीकडे लावून फायदा जाणवत नाही आणि फास्ट मॅथवाले फ्लॅग ग्लोबल लावले तर आकडेमोड चुकू शकते, ते करूच नका. मेकऑप्ट्समध्ये समांतर कामांची संख्या कोअर बघून ठरवतात पण रॅमही बघा, एका कामाला २ जीबी धरा, १६ कोअर आणि १६ जीबी असेल तर १६ नाही, ८ ठेवा, नाहीतर मोठं सीप्लसप्लस पॅकेज मध्येच मारलं जातं आणि एरर बघून कळतसुद्धा नाही की रॅम संपली होती. ग्राफिक्स कार्डाचा पर्याय मात्र स्वतः लिहाच, तो तुमच्या मशीनबद्दल आहे आणि कोणी दुसरं तो ओळखून देणार नाही.

आणि फ्लॅग बदलल्यावर पूर्ण सिस्टम अपडेट करताना इमर्जला कुठला पर्याय द्यायचा, न्यूयूज की चेंज्डयूज? न्यूयूज दिलं तर ईबिल्डमध्ये नुसता एखादा फ्लॅग नव्याने आला किंवा गेला, तुमच्याकडे तो बंदच आहे, तरी पॅकेज परत बांधलं जातं. चेंज्डयूज फक्त खरोखर काही चालू-बंद झालं असेल तरच बांधतो. हळू मशीनवर मी चेंज्डयूजच वापरते.

डेस्कटॉप प्रोफाइलवर एक टीका करून थांबते. त्यात सीडी आणि डीव्हीडीचे फ्लॅग अनेक वर्षं डिफॉल्ट चालू राहिले, मशीनांमधून ड्राइव्ह गेल्यानंतरही. समजू शकते, प्रोफाइलमधून एक शब्द काढला की असंख्य लोकांच्या मशीनवर रिबिल्ड सुरू होतं आणि कुणाचं तरी काहीतरी नक्की तुटतं, म्हणून हात लावायला सगळे कचरतात. पण नव्या प्रोफाइलची पिढी येते तेव्हा तसंही सगळं परत बांधावंच लागतं, त्या वेळी जुने फ्लॅग झाडून काढणं आणि काढलेल्यांची यादी प्रोफाइल बदलायच्या सूचनेत देणं हे करायला हवं. सध्या तरी माझ्या त्या सात शब्दांमधले दोन ह्यातच जातात, मायनस सीडीडीए आणि मायनस डीव्हीडी.